पणजोबांच्या दगडी घरावर स्लॅब चढवायचा का?

पत्र असं आहे:

"नमस्कार काका. आमचं औसा तालुक्यात मळ्यात दगडी घर आहे, पणजोबांनी बांधलेलं, सहा खणाचं, वर माळवद म्हणजे मातीचं धाब्याचं छत. दारावरच्या दगडात उर्दू आकड्यात १३३५ कोरलंय, एकजण म्हणाला हे हिजरी सन आहे म्हणजे घर १९१६-१७ चं. ९३ च्या भूकंपात घर पडलं नाही, फक्त माजघराची उत्तरेची भिंत फाकली, ती बाबांनी नंतर सिमेंटनं बुजवली. आता त्याच भिंतीला पोट आलंय. भाऊ पुण्यात आयटीत आहे, त्यानं आर्किटेक्टकडून थ्रीडी करून आणलंय. माळवद काढून भिंतींवर आरसीसी स्लॅब, वर दोन बेडरूम, खाली ओपन किचन, पश्चिमेला सगळी काच, पुढं स्विमिंग पूल आणि गच्चीवर जकुझी. निम्मे पैसे मी घालावेत म्हणतो. सातबाऱ्यावर बाबांचं एकट्याचं नाव, दोघी आत्यांचं काहीच लिहून झालेलं नाही. बाबा म्हणतात, 'ह्या भिताडानं भूकंप सोसलाय, तुमचं सामान बी सोसंल, उगी कामून भांडायलाव.' त्यांची खाट त्याच भिंतीला असते. मला घर पाडवत नाही, पण आहे तसं ठेवलं तर तिथं राहायला कुणी येत नाही. काय करू?
– औसा तालुक्यातली लेक, सध्या पुणे"

ताई, थ्रीडी, भाऊ, पूल सगळं नंतर बोलू. आधी बाबांना फोन लावा आणि खाट त्या भिंतीपासून हलवा. आज रात्रीच. ओसरीवर टाका, लिंबाखाली टाका, कुठंही टाका पण पोट आलेल्या भिंतीखाली माणूस झोपवू नका. ते ऐकणार नाहीत, चिडतील, चिडू द्या.

कामून म्हणतो ते सांगतो. आपल्याकडची ही दोन-अडीच फूट जाड भिंत बाहेरून एक दिसते पण ती असते दोन भिंतींची जोडी, एक बाहेरच्या तोंडाची, एक आतल्या तोंडाची, दोन्हीकडं गवंड्यानं चांगले चांगले दगड लावलेले आणि मधी जी पोकळी राहिली तिच्यात चिपा, गोटे आणि माती कोंबलेली. या दोन्ही तोंडांना एकमेकांशी बांधून ठेवायला आरपार जाणारे लांब दगड टाकायचे असतात, ते बऱ्याच घरांत टाकलेच नाहीत, कारण लांब दगड घडवायला मेहनत आणि मजुरी दोन्ही जास्त. मग काय होतं, छतातून पाणी उतरलं की मधली माती ओली होऊन खाली बसते, दगड ढिले होतात, आणि एक तोंड हळूहळू बाहेर निघायला लागतं. त्यालाच आपण पोट येणं म्हणतो. तुमच्या बाबांनी फट सिमेंटनं बुजवली म्हणजे वरचं कातडं शिवलं, आतली दोन तोंडं अजून वेगळीच आहेत. पोट आलंय याचा अर्थ ती वेगळी होणं थांबलेलं नाही.

मी मूळचा परभणीकडचा, आमच्याकडं मळ्यातल्या घराला आखाडा म्हणतात. ९३ साली नुकताच इंजिनिअरिंगचा डिप्लोमा झालेला आणि पुनर्वसनाच्या कामावर एका ठेकेदाराकडं किल्लारीकडं लागलो. ३० सप्टेंबर, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, आदल्या दिवशी गणपती बुडवून आलेली माणसं गाढ झोपेत, हे तुम्हाला घरातून माहीत असणारच. भूकंप सहा रिश्टरच्या थोडा वर, जगाच्या हिशोबात तो काही फार मोठा नव्हता. तरी आठ-दहा हजाराच्या आसपास माणसं गेली, आणि ती गेली ती बहुतेक याच भिंती आणि याच माळवदाखाली. मी गेलो तेव्हाही काही अर्धवट भिंती उभ्या होत्या, त्यांची कापलेल्या केकसारखी बाजू दिसायची, अलीकडं एक रांग, पलीकडं एक रांग, मधी भुसभुशीत माती, हात घातला तर मुठीत यायची. चाळीस-पन्नास भिंती बघितल्या असतील, आरपार दगड एखाद-दुसरीत सापडला. त्यानंतर आपल्या भागातली माणसं दगडालाच भ्यायला लागली, चांगला चिरेबंदी वाडा सोडून पत्र्यात झोपायला लागली.

पण दोष दगडाचा नाही हो. हाच काळा पाषाण आहे ज्यातून वेरूळचं कैलास कोरलं. तुमच्यापासून फार लांब नाही, नळदुर्गला जाऊन बघा, बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल आहे, चारशे वर्षं पुराचं पाणी डोक्यावरून जायलंय तरी दगड हललेला नाही, कारण तिथं घडीव दगड आहे आणि सांध्यात चुना आहे. तुमच्या सांध्यात माती आहे. भावाला एवढं एक पटवून द्या, पुढचं निम्मं भांडण मिटतं.

मग तुमचं घर ९३ ला वाचलं कसं? मला वाटतं खणामुळं. सहा खणाचं घर म्हणजे आत लाकडी खांब, त्यावर तुळया, तुळयांवर सरे म्हणजे आडवी लाकडं, सऱ्यांवर किलच्या म्हणजे लाकडाच्या चिपा आणि त्यावर माती. छताचा भार भिंतीवर नाही, खांबांवर. खांब धड आणि सांधे पक्के असतील तर भिंत बाहेर कोसळली तरी छत खांबांवर तोललेलं राहतं. त्यामुळं तुमच्या घरात खरा जीव त्या खांबांचा आहे आणि भावाच्या थ्रीडीत पहिले तेच उडवलेत, हो की नाही? 'ओपन' पाहिजे म्हणून. मी न बघता सांगतो.

(दगडावरच्या आकड्याचं जाता जाता. १३३५ च्या पुढं किंवा खाली एखादं उर्दू अक्षर आहे का बघा. 'हे' असेल तर हिजरी, 'फे' असेल तर फसली. निजामाच्या राज्यात कारभार फसली सनात चालायचा, त्यात ५९० मिळवले की इसवी सन येतं, म्हणजे तुमचं घर १९२५-२६ चं निघेल, नऊ-दहा वर्षांनी तरुण. आपला भाग सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता हे पुण्याच्या आर्किटेक्टला सांगावं लागतं. तो दगड मात्र कुणाला घासू देऊ नका, चकचकीत करायच्या नादात लोक अशा दगडावर ग्राइंडर चालवतात.)

आता स्लॅबचं. भाऊ हुशार असेल तर म्हणेल, काका, स्लॅब तर माळवदापेक्षा हलका आहे. आणि ते खरंय! हिशोब करून बघा, दहा बाय दहाच्या खोलीवर दोन फूट माती म्हणजे दोनशे घनफूट, दोन ब्रास, नऊ टनाच्या आसपास. पाच इंची स्लॅब त्याच खोलीवर तीन टनाच्या आत-बाहेर. दर दोन-चार वर्षाला पावसाआधी पांढरी माती टाकायची आपली पद्धत, जुनी कुणी काढायचं नाही, त्यामुळं माळवद वाढत वाढत जातं, मी तीन-तीन फुटाचं बघितलंय. तेव्हा माळवद हलकं करायचंय ही भावाची गोष्ट बरोबर आहे.

चुकतंय ते पुढं. एक म्हणजे स्लॅब तो खांबांवर नाही तर भिंतीवर टेकवणार, म्हणजे आतापर्यंत फक्त स्वतःला सांभाळणाऱ्या मातीच्या सांध्याच्या भिंतीला आता छत उचलायला लावणार. दुसरं, तो तिथंच थांबणार नाही, वर भिंती, फरशी, दोन बेडरूम, वरचा स्लॅब, टाकी, जकुझी, नुसतं हजार लिटर पाणी म्हणजे एक टन आणि ते गच्चीच्या उंचीवर. उंचावरचं वजन भूकंपात सगळ्यात वाईट. आणि तिसरं म्हणजे स्लॅब एक अखंड पाटी, हादरा बसला की ती एकदम सरकते, आणि खाली ढिल्या दगडांची रचना, तिला तसं सरकता येत नाही. किल्लारीच्या आधी हा सगळा भाग भूकंपाच्या नकाशात सगळ्यात सुरक्षित झोन एकमध्ये होता. २००२ ला नकाशा बदलला, झोन एक काढूनच टाकला आणि तुमचा भाग झोन तीनमध्ये आला. ज्या आर्किटेक्टनं मळ्यात पाय न ठेवता भिंतीवर दोन मजले काढलेत त्याला विचारा, स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही कुठंय? सही असेल तर मला दाखवा, मी माझे शब्द परत घेतो.

माझं म्हणणं एका वाक्यात, जुन्याच्या डोक्यावर नवं बसवू नका, शेजारी बसवा. जुनं घर एकमजलीच राहू द्या, त्याला मजबूत करा, हलकं करा, आणि जे जे काही पाणी, वजन आणि मशीन मागतं ते सगळं शेजारी नव्या बांधकामात न्या. किचन, बाथरूम, वरच्या बेडरूम, टाकी, सगळं. भावाला लक्झरी पाहिजे ना, मग त्याला नवं बांधू द्या की, मोकळ्या जागेत त्याचा आर्किटेक्टही मोकळा.

जुन्याचं काय काय करायचं. छतापासून सुरू करा, माती हातानं उतरवा, थोडी या बाजूची थोडी त्या बाजूची, एकीकडची सगळी काढून दुसरीकडं डोंगर ठेवू नका, आणि छतावर मशीन चढवायचं तर नावच नको. माती निघाली की सुताराला घेऊन एकेक सरा टोकरून बघा, वाळवी बहुतेक भिंतीत शिरलेल्या टोकाला असते, मधी लाकूड सोन्यासारखं आणि टोकाला भुसा. खराब तेवढे बदला. मग फळ्या, वर पाणी अडवणारा कागद, आणि त्यावर पातळ थर, मातीच पाहिजे तर सात-आठ इंचांवर नको, नाहीतर चुन्याचा कोबा. सवनं, म्हणजे छतातलं उजेडाचं भोक, ते बुजवू नका हं. त्याच्यावर काच बसवा. आमच्या आखाड्यावर उन्हाळ्यात सगळे माळवदावर झोपायचो आणि वळवाचा पहिला थेंब पडला की आजी सगळ्यात आधी सवन्यावर फरशी सरकवायची, मग पोरांना उठवायची. दुपारी त्या सवन्यातून उजेडाचा एक खांब माजघरात उतरायचा आणि त्यात चुलीचा धूर वळवळत वर जायचा, तुमच्या बाबांना विचारा, तुमच्याकडंही असंच असणार.

भिंतींचं काम थोडं किचकट आहे पण जमणारं आहे, किल्लारीनंतर आपल्याच भागात हे शिकलेले गवंडी तयार झाले, त्यातला एखादा शोधा, म्हातारा असेल तरी नुसता बसून सांगू द्या. आरपार दगड नाहीत ना, मग ते नव्यानं घालायचे. ठरावीक अंतरावर भिंतीतला एकेक दगड हलवून काढायचा, घण घालून नाही, पहारीनं हलवत हलवत, मग माती काढत पलीकडच्या तोंडापर्यंत भोक न्यायचं, त्यात दोन्ही टोकं वाकवलेली सळई ठेवायची आणि काँक्रीट भरायचं, आठ-दहा दिवस पाणी मारायचं. झाला तुमचा आरपार दगड. दगडी बांधकामाच्या आपल्या मानकात नव्या भिंतीला दर ६०० मिलिमीटर उंचीला आणि आडवं १.२ मीटरच्या आत असा एक दगड सांगितलाय, त्यावरून अंदाज येईल किती लागतील. मग चौकटीच्या वर आणि छताच्या खाली घराला सगळीकडून जाळीचा पट्टा बांधायचा, पेटीला पट्टी आवळतो तसा, आतून बाहेरून दोन्हीकडं आणि दोन्ही एकमेकाला जोडून. ही उत्तरेची पोटाची भिंत मात्र दुरुस्त होणार नाही असं मला वाटतं, ती छताला टेकू देऊन दगडाला नंबर टाकून उतरवावी लागेल आणि तेच दगड परत लावावे लागतील, यावेळी चुन्यात आणि आरपार दगड घालून.

आणि चुना का म्हणतो, सिमेंट का नको, यात मी स्वतः तोंड भाजून घेतलंय. २००५-०६ च्या सुमारास आमच्या आखाड्याला मी, इंजिनिअर माणूस, आतून बाहेरून सिमेंटचा गिलावा केला. गुळगुळीत, वर भारी ब्रँडचा कलर. दोन पावसाळे. तिसऱ्या वर्षी जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीपर्यंत पांढरा लोणा म्हणजे क्षार फुटला आणि गिलाव्याचे पापुद्रे भाकरीसारखे सुटून आले. जमिनीची ओल आधी मातीच्या सांध्यातून बाहेर निघून जायची, मी तिला कोंडून टाकलं, ती आतल्या आत माती भिजवत बसली. आई म्हणाली, भित बी श्वास घेती बाबा. डिप्लोमाच्या कागदाचा मला तेव्हा पहिल्यांदा राग आला. सगळं खरडून काढलं आणि चुना, वाळू, विटेचा चुरा असा गिलावा केला, आता बरं आहे. चुना करणारा माणूस म्हणून जो पहिला मिळाला त्यानं पोत्यात पांढरं सिमेंट मिसळून आणलं होतं, नाव घेत नाही. तेव्हा चुना तुमच्या डोळ्यासमोर टाक्यात भिजू द्या.

नव्याचं बांधकाम जुन्याला चिकटवू नका. लगत पाहिजेच असेल तर मधी चार इंचाची फट सोडा आणि वरून पत्र्याची नाहीतर रबराची झाकणी, दोघांना वेगवेगळं हलू द्या. माझ्या मनानं तर आठ-दहा फूट अंतर ठेवा आणि मधी हलका पॅसेज करा, पोलादी सांगाडा, इथं काच वापरा पाहिजे तेवढी. तुमची जमीन काळी असणार. काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि पावसात फुगते, तिच्यावर ठेवलेला पाया वर्षातून दोनदा वरखाली होतो, म्हणून मुरूम लागेपर्यंत खोदल्याशिवाय पाया भरू नका, मुरूम लई खोल असेल तर इंजिनिअर पाइलचा पाया सुचवेल. आणि एक, जुन्या पायालगत त्याच्यापेक्षा खोल चर जेसीबीनं एका दमात उघडायचा नाही. एका रात्री पाऊस आला की जुनी भिंत सकाळी चरात. हे मी ऐकून सांगत नाही. जुन्या घराच्या भोवती तीन फूट उताराची फरसबंदी करा म्हणजे पावळीचं पाणी लांब जाईल. भिंतीलगत लॉन करायचं कुणी म्हणालं तर त्याला चहा पाजून परत पाठवा, रोज पाणी मारून तुम्ही भिंतीचाच पाया भिजवणार.

पश्चिमेच्या काचेवर मला एकच बोलायचंय, भावाला मे महिन्यात संध्याकाळी चार वाजता त्या जागेवर खुर्ची टाकून बसवा. अर्धा तास. बेचाळीस डिग्रीत. दोन फूट दगडातून दिवसाचं ऊन आत यायला रात्र होते, म्हणून माजघर दुपारी गार. काच लावली की ते सगळं गेलं आणि मग तीन एसी. काच उत्तरेला घ्या, पूर्वेला घ्या, पश्चिमेला जुन्या घराचीच सावली पडू द्या, म्हणजे नवं बांधकाम जुन्याच्या पूर्वेला, हेही जमून जातं बघा.

स्विमिंग पुलाचं मात्र मनात खुपतंय. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं, त्याला फार वर्षं झाली नाहीत. वीस बाय दहाचा, साडेचार फूट खोल पूल म्हणजे पंचवीस हजार लिटर, आणि एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं उघड्या पाण्यातून रोजचं सेंटिमीटरभर उडून जातं, म्हणजे दररोज पावणेदोनशे-दोनशे लिटर नुसतं हवेत. शेजारच्या वस्तीवर बाया टँकरची वाट बघत असताना ते पाणी निळं दिसायलंय, नाही बघवत. भावाला पाण्याचीच हौस असेल तर मळ्यात जुना आड असणार, गाळानं भरलेला. तो उपसा, कठडा बांधा. आणि नव्या-जुन्या छताचं पाणी धरा, हजार चौरस फूट छतावर सातशे मिलिमीटर पाऊस पडला तर वाया जाऊनही पन्नास हजार लिटर मिळतं. त्या पाण्यावर त्यानं काय करायचं ते करावं, मी बोलणार नाही.

आतल्या सामानाबद्दल सावध राहा. काम निघालं अशी बातमी लागली की जुन्या लाकडाचे व्यापारी येतात, खांब, चौकटी, घडवंची, सगळं 'कुजलंय हो' म्हणून भंगाराच्या भावात उचलतात आणि तेच पुढं शहरात कुणाच्या तरी लक्झरी हॉलमध्ये उभं राहतं. एकही खांब हिशोबाशिवाय जाऊ देऊ नका, खांबांखालचे दगड, तळखडे, ते पण मोजून ठेवा. भिंतीतलं बळद, धान्य साठवायची पोकळी, बुजवायचं नाही, त्यात वायरी, राउटर, इन्व्हर्टर सगळं लपतं. देवळीतली काजळी घासू नका. ज्या माजघरात तुम्हाला आता कुणी राहत नाही म्हणून वाईट वाटतंय ते मोठी बैठक करा, सगळे जमले की पंगत तिथं, आणि रात्री झोपायला नव्या घरात. असं केलं की येणारे येतात, मी दोन-तीन घरं बघितलीत अशी. त्यांना ना जकुझी लागते ना काही, स्वच्छ संडास-बाथरूम आणि गार खोली लागते.

आता पैसे. इथं काका थोडा कडक बोलणार आहे, वाईट वाटून घेऊ नका. सातबाऱ्यावर नाव नसताना एक रुपया घालू नका. जमीन वडिलोपार्जित आहे, २००५ च्या दुरुस्तीनं मुलीला जन्मानंच मुलाएवढा हक्क आहे आणि सुप्रीम कोर्टानं ऑगस्ट २०२० मध्ये ते पक्कं केलंय. आधीची नोंदणीकृत वाटणी झालेली असेल तर गोष्ट वेगळी. भाऊ वाईट आहे असं मी म्हणत नाही, पण चाळीस-पन्नास लाख खर्च झाले की 'घर कुणाचं' हा प्रश्न तुमच्या दोघांचा राहत नाही, त्याच्या बायकोचा, तुमच्या नवऱ्याचा, पुढं पोरांचा होतो. आत्यांचाही हिस्सा निघू शकतो, त्या काही मागणार नाहीत असं सगळेच म्हणतात. हक्कसोड पाहिजे असेल तर दुय्यम निबंधकाकडं नोंदवून, आणि आधी त्यांना घरी बोलवून, पाय धुवून, जेवू घालून विचारा, नुसता स्टॅम्प पेपर घेऊन दारात उभं राहू नका. त्यांनी 'आम्हाला एक खोली राहू द्या' म्हटलं तर द्या. वाटणी सगळ्यांच्या संमतीची असेल तर जमीन महसूल कायद्याच्या कलम ८५ खाली तहसीलला होते, वकिलाला आधी कागद दाखवा, निजामाच्या काळचे उर्दूतले असतील तर तेही काढून घ्या. आणि शेतात किती बांधकाम चालतं याला मर्यादा आहे, त्यापुढं एनए म्हणजे बिगरशेतीची परवानगी आता लागते का ते बघा, एनए नसलेल्या जागेवर बँका होम लोन सहज देत नाहीत, भाऊ कर्ज काढणार असेल तर हे आर्किटेक्टच्या फीआधी तहसील आणि नगररचनाला विचारून घ्या.

भावाशी बोलताना 'काकांनी नाही म्हणून सांगितलंय' असं सांगू नका, पुरुष माणूस अडून बसतं. त्याला म्हणा, तुझं थ्रीडी भारी आहे, फक्त तीस फूट पूर्वेला सरकव.

खाट हलवून झाली की हे करा. गावातल्या कुणाही गवंड्याकडनं ओळंबा आणा, पोटाच्या भिंतीवर वरून सोडा आणि दोरीपासून भिंत किती इंच आहे ते तीन ठिकाणी मोजा, वर, मधी, खाली. फटीवर काचेची पट्टी दोन्ही टोकं चिकटवून लावा, खाली पेन्सिलीनं तारीख लिहा. पावसाळ्यात काच तडकली तर भिंत चालतीय. हातोडीनं हळू ठोकत जा, जिथं भदभद आवाज येतोय तिथं खडूनं गोल करा. ते आकडे आणि फोटो मला पाठवा, फोटोत भिंतीला पट्टी लावून धरा म्हणजे माप कळतं. गेल्या महिन्यात एका भावानं भिंतीसमोर उभं राहून सेल्फी पाठवला, त्यात भिंत सोडून सगळं दिसत होतं.